पोटमाळ्याची उष्णता आणि घरातील ओल

अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे २०२४ पर्यंतचा अहमदनगर जिल्हा, हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असून त्याच्या दोन टोकांना दोन निराळी हवामाने नांदतात. पश्चिमेस कळसूबाई व रतनगडाच्या परिसरातील घाटघर, रतनवाडी या गावांकडे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्याही पुढे पाऊस पडतो. पूर्वेकडील पाथर्डी, कर्जत, जामखेड या तालुक्यांत पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस झाला तरी वर्ष बरे गेले, असे शेतकरी मानतो. घरे बांधण्याच्या जुन्या रीती या फरकाला धरूनच पडल्या होत्या. अकोल्याच्या डोंगरी गावांत उतरते छप्पर, लांब वळचण आणि कारवीचे शेणामातीने लिंपलेले कुड असत. पाणी चटकन वाहून जावे आणि भिंत भिजली तरी लवकर वाळावी, हा त्यातील हेतू. पठारावर दगडमातीच्या किंवा भेंड्यांच्या जाड भिंती व त्यांवर मातीचे सपाट धाबे, म्हणजेच माळवद, असे. तेथे पावसापेक्षा वैशाखातील ऊन अडविणे अधिक महत्त्वाचे होते.

आज या दोन्ही टोकांना एकच छप्पर दिसू लागले आहे, ते म्हणजे पत्र्याचे. पत्रा हलका आहे, गळत नाही, एका दिवसात चढविता येतो आणि दरवर्षी शाकारणी करावी लागत नाही. त्याचे हे गुण कोणी नाकारू नयेत. परंतु पत्र्याखाली पोटमाळा काढून त्यावर धान्य, बियाणे व अडगळ ठेवण्याची रीत मात्र जुन्या घरातून जशीच्या तशी उचलली गेली आहे, आणि तेथेच नुकसान होते. माळवदाखालचा माळा व पत्र्याखालचा माळा या दोन अगदी भिन्न जागा आहेत.

माळवद गेले ते का गेले

माळवदाची रचना साधी असे. तुळयांवर वासे किंवा फळ्या, त्यांवर तुराट्यांचा व पाल्याचा थर आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा फूटभर थर. एवढी माती दिवसभराचे ऊन सावकाश पिते व ते खाली खोलीत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते. छताच्या मधोमध उजेडासाठी सवणे ठेवलेले असे. त्यातून चुलीचा धूर जाई आणि त्याबरोबर माणसांच्या श्वासाची व रांधण्याची वाफही निघून जाई. पावसात त्यावर झाकण ठेवीत व उघडीप पडली की काढीत. घराला वरून वाट असली पाहिजे, ही गोष्ट जुन्या गवंड्याला कोणी शिकविली नव्हती. पण त्याच्या हातात ती होती.

माळवदाचा दोष म्हणजे त्याचे वजन. दहा फूट लांब व दहा फूट रुंद खोलीवर एक फूट मातीचा थर म्हटला तर शंभर घनफूट माती झाली. एक घनफूट ठोकलेली माती पंचेचाळीस ते पन्नास किलो भरते. म्हणजे कोरडेपणीच साडेचार ते पाच टन भार त्या खोलीतील माणसांच्या डोक्यावर असतो, आणि भिजल्यावर तो आणखी वाढतो. गळती लागली की वर नवी माती टाकावयाची, असे वर्षानुवर्षे करीत गेल्याने काही ठिकाणी हा थर दीड-दोन फुटांवर गेला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर व धाराशिव जिल्ह्यांत किल्लारी परिसरात जो भूकंप झाला, त्यात आठ हजारांच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुसंख्य लोक मातीत बसविलेल्या दगडी भिंती व जड माळवदे कोसळल्यामुळे गाडले गेले. त्यानंतर लोकांच्या मनात माळवदाची धास्ती बसली, ती निराधार नाही. जेथे आजही माळवद वापरात आहे, तेथे गळतीवर नवा थर चढविण्यापूर्वी जुना सैल थर खरवडून काढावा, उगवलेले गवत मुळासकट उपटावे, उतार व पन्हळी मोकळ्या कराव्यात. दोन इंच जादा माती म्हणजे वरील मापाच्या खोलीवर पाऊण टनाहून अधिक जादा ओझे, हे घरधन्याच्या ध्यानात आणून द्यावे.

पत्र्याला घाम का सुटतो

पत्रा अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो. उष्णता अडविण्याची शक्ती त्यात नाही म्हटले तरी चालेल. मे महिन्यात दुपारी तो साठ अंशांच्या पुढे तापतो व खालच्या पोटमाळ्यावर भट्टी पेटल्यासारखे होते. ही गोष्ट सर्वांच्या अनुभवाची आहे. रात्रीची गोष्ट मात्र फारशी लक्षात घेतली जात नाही. निरभ्र आकाशाखाली पत्रा भराभर थंड होतो, इतका की भोवतालच्या हवेपेक्षाही तो काही अंशांनी गार पडतो. अशा गार पत्र्याला घरातील ऊबदार, दमट हवा लागली की तिच्यातील वाफेचे पाणी होते. पौष-माघातील पहाटे पत्र्याच्या आतल्या बाजूस थेंब लोंबकळताना दिसतात, त्याचे कारण हेच. पत्रा गळतो अशी समजूत करून घेऊन शेतकरी खिळ्यांच्या भोकांना डांबर लावीत बसतो. पाणी मात्र बाहेरून आलेलेच नसते.

हवा जितकी गरम, तितकी ती अधिक वाफ धरू शकते. तीस अंशांची एक घनमीटर हवा तीस ग्रॅमपर्यंत पाणी वाफेच्या रूपाने धरते, वीस अंशांची सतरा ग्रॅम, तर दहा अंशांची नऊ-साडेनऊ ग्रॅमच. उरलेले पाणी कोठे तरी थेंबांच्या रूपाने बसतेच, आणि घरातील सर्वांत गार वस्तू जी असेल तिच्यावर ते प्रथम बसते.

आता ही वाफ घरात येते कोठून, ते पाहावे. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून व अंगातून ताशी सुमारे चाळीस ग्रॅम पाणी हवेत जाते. पाच माणसे आठ तास एका खोलीत निजली तर दीड लिटरहून अधिक पाणी झाले. त्यात ओले कपडे, माठ, मोरी यांची भर पडते. गॅसच्या शेगडीचा विचार तर बहुतेकांच्या मनातही येत नाही. एक किलो गॅस जळला की सुमारे दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने तयार होते; म्हणजे १४.२ किलोची एक टाकी संपते तेव्हा घराच्या हवेत सुमारे बावीस लिटर पाणी मिसळलेले असते. चुलीच्या काळात धुराबरोबर वाफ सवण्यातून किंवा कौलांच्या फटींतून निघून जाई व आढ्याखालचे लाकूड धुराने कोरडे राही. २०१६ नंतर उज्ज्वला योजनेतून गॅस खेड्यापाड्यांत पोहोचला आणि स्त्रियांच्या डोळ्यांची व छातीची धुरापासून सुटका झाली, हे फार चांगले झाले. धूर परत आणावा असे कोणी म्हणणार नाही. पण धूर गेला म्हणून धुराची वाटही बुजवून टाकली, तेथे चूक झाली. स्वयंपाकघरात छताजवळ जाळी लावलेला निदान एक फूट लांब-रुंद झरोका असलाच पाहिजे.

धान्य व बियाणे यांचे नुकसान

ज्वारी, गहू यांसारखे धान्य साठवताना त्यातील ओलाव्याचे प्रमाण शेकडा बाराच्या आत व कडधान्यांचे नऊ-दहाच्या आसपास असावे. उन्हात वाळविलेले धान्य फाल्गुन-चैत्रात या मर्यादेत असते. पुढे श्रावण-भाद्रपदाची दमट हवा ते ओढून घेते, आणि पठारी तालुक्यांत तर सप्टेंबरमध्येच पावसाचा जोर अधिक असतो. त्यावर पत्र्याचे थेंब पडले की पोत्याच्या वरच्या भागात धान्य गोळा होते, कुबट वास येतो व बुरशी धरते. दिवसा तीस अंशांच्या आसपासची ऊब सोंडे-किड्यांच्या वाढीस अत्यंत अनुकूल असते. पोटमाळ्यावर वर्षातील कित्येक महिने त्यांना ती आयती मिळते.

बुरशी लागलेले धान्य निवडून, धुऊन, दळून खाण्याची सवय पुष्कळ घरांत आहे. ती घातक आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी एकाएकी मेले. शोध घेतला असता त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीवर वाढलेल्या बुरशीने तयार केलेले विष सापडले. त्यास अफ्लाटॉक्सिन असे नाव मिळाले. त्यानंतर १९७४ साली गुजरातमधील पंचमहाल व राजस्थानातील बांसवाडा या जिल्ह्यांतील आदिवासी खेड्यांत अवकाळी पावसात भिजलेला मका तसाच साठवून खाण्यात आला. तेथे काविळीची साथ पसरून शंभराहून अधिक माणसे दगावली. हे विष शिजविल्याने किंवा भाजल्याने नाहीसे होत नाही. मका व भुईमूग या दोन पिकांत त्याचा धोका विशेष आहे, व ही दोन्ही पिके जिल्ह्यात होतात. बुरशीचा मका जनावरांना घालणे हाही त्यावरचा उपाय होऊ शकत नाही, कारण दुभत्या जनावराच्या दुधात त्या विषाचा अंश उतरतो.

बियाण्याचे नुकसान डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते अधिक वाईट. बीजशास्त्रात जेम्स हॅरिंग्टन यांचा एक ठोकळ नियम सर्वत्र मानला जातो. बियातील ओलावा शेकडा एकने कमी केला की बियाचे आयुष्य दुप्पट होते, व साठवणीच्या जागेचे तापमान पाच-साडेपाच अंशांनी उतरले की ते पुन्हा दुप्पट होते. या हिशेबाने पोटमाळ्यावर चाळीस अंशांत ठेवलेले बी तीस अंशांच्या खोलीत ठेवलेल्या बियाच्या सुमारे एकचतुर्थांश काळच जिवंत राहील. मृगात पेरलेले घरचे बी उगवले नाही म्हणजे शेतकरी पावसाला किंवा जमिनीला दोष देतो; बी वैशाखातच माळ्यावर मेलेले असते. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची बियाणे बँक उभी केली व त्यासाठी त्यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली. हे काम पावसाच्या मुलखात झाले आहे. घरचे वाण राखू इच्छिणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला बियाण्याच्या जागेचा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

यावरून पहिली सूचना अशी, की पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर बियाणे ठेवूच नये व धान्य ठेवणे शक्य तो टाळावे. घराच्या उत्तर बाजूची खोली, जमिनीपासून सहा इंच उंच लाकडी फळ्या, भिंतीपासून एक फूट अंतर आणि घट्ट झाकणाची कोठी ही जागा योग्य. कोठीत भरण्यापूर्वी धान्य खात्रीने वाळलेले असले पाहिजे. ओलसर धान्य बंद कोठीत घालणे म्हणजे ते कुजत घालणेच होय. आणि वाळलेल्या धान्याची कोठी श्रावणात वारंवार उघडू नये. घराला वारा हवा असतो. साठविलेल्या धान्याला पावसाळी वारा नको असतो. या दोन गोष्टींची गल्लत पुष्कळदा होते.

त्रिकोणी भिंत

पोटमाळ्याच्या दोन टोकांना, दोन्ही पाख्यांच्या मधोमध आढ्यापर्यंत चढत गेलेल्या ज्या त्रिकोणी भिंती असतात, त्यांची घरात सर्वांत जास्त हेळसांड होते. खालची भिंत नऊ इंची व गिलावा केलेली. वरचा त्रिकोण मात्र साडेचार इंची, बहुधा बाहेरून उघडा, कारण तो कोणाच्या नजरेस पडत नाही आणि तोपर्यंत हातातील पैसा संपलेला असतो. ही भिंत पश्चिमेस असली तर पावसाळ्यात वाऱ्याबरोबर येणारी झड ती सरळ आत घेते व उन्हाळ्यात दुपारचे ऊन आत फेकते. पोटमाळ्यावरील पोती नेमकी तिला टेकवून रचलेली असतात.

पहिला उपाय बाहेरून करावयाचा. छपराचा पत्रा त्रिकोणी भिंतीच्या बाहेर निदान दीड ते दोन फूट यावा. नवे घर बांधताना ही गोष्ट जवळजवळ फुकट होते, मागाहून ती महाग पडते. बाहेरून गिलावा करताना भिंत कशाची आहे ते पाहावे. पक्क्या विटांच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा चालतो. मातीच्या किंवा भेंड्यांच्या भिंतीला तो लावू नये. सिमेंट ताठ असते, माती ओलीने फुगते व वाळून आकसते. थोड्याच काळात गिलाव्याला बारीक चिरा पडतात, त्यांतून पाणी आत शिरते, पण वाळून बाहेर पडू शकत नाही. वरून भिंत चकचकीत दिसत असताना आतून ती चिखल होत असते, आणि एखाद्या मोठ्या पावसात गिलाव्यासकट ढासळते. गावातील जुन्या वाड्याला अलीकडे कोणी सिमेंट लावले असेल तर हा प्रकार पाहावयास मिळेल. मातीच्या भिंतीला चुन्याचा गिलावा किंवा भुसा घातलेला मातीचाच गिलावा योग्य, कारण त्यातून भिंतीची वाफ बाहेर जाते. रुडकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने डांबर मिसळलेला, पावसाने न धुपणारा मातीचा गिलावा शोधून काढला आहे व तो झडीच्या बाजूस चांगला टिकतो. मात्र त्यात तापविलेले डांबर रॉकेलमध्ये मिसळावे लागते. ते काम शिकलेल्या माणसाकडूनच, उघड्यावर व विस्तवापासून दूर करून घ्यावे. अकोल्याकडे पावसाळ्यापूर्वी पश्चिमेच्या भिंतीला गवताचे तट्टे बांधतात. दिसण्यास ते साधे असले तरी झड भिंतीपर्यंत पोहोचूच देत नाही, म्हणून कोणत्याही गिलाव्याहून ते सरस ठरते.

दुसरा उपाय आतून. भिंतीपासून तीन-चार इंच अंतर सोडून बांबूचे तट्टे उभे करावे व त्यास आतील बाजूने शेणमातीचा लेप द्यावा. मधली पोकळी भरावी की रिकामी ठेवावी, हे जागेवर अवलंबून आहे. झडीच्या मुलखात ती रिकामी ठेवावी व तिला खाली-वर बोट-दोन बोटे फट राहू द्यावी, म्हणजे बाहेरील भिंत भिजली तरी मधून वारा खेळून ती वाळेल व ओल तट्ट्यापर्यंत येणार नाही. तेथे पोकळीत काही भरले तर ते भिजेल आणि ओल आत आणणारा तो पूलच होईल. पठारी तालुक्यांत, जेथे भिंतीवर पाऊस क्वचितच येतो व ऊन मात्र आठ महिने येते, तेथे पोकळी भरणे फायद्याचे. त्यासाठी भाताचे तूस उत्तम. त्यात वाळूसारखा सिलिका नावाचा अंश पुष्कळ असल्याने ते सहज पेट घेत नाही व लवकर कुजतही नाही. अकोले भागातील भातगिरण्यांत ते मिळू शकते. तूस कडक उन्हात वाळवून, थोडी कोरड्या चुन्याची भुकटी मिसळून ठासून भरावे; काही महिन्यांनी ते खाली बसते, तेव्हा वरून पुन्हा भर घालावी. ऊसपट्ट्यात पाचट वाटेल तेवढे मिळते म्हणून ते भरण्याचा मोह होईल. पण पाचट फार भराभर पेटते, उंदीरही त्यात घर करतात. ते भिंतीत भरण्यापेक्षा शेतात कुजविणेच शहाणपणाचे. भरावाच्या जवळून विजेची तार जात असेल तर ती नळीतून न्यावी व तिचे जोड भरावात ठेवू नयेत.

छत

त्रिकोणी भिंत सुधारली तरी पत्रा उघडाच असेल तर उपयोग अर्धाच होतो. पत्र्याच्या खाली चार ते सहा इंच अंतर सोडून वाशांना तट्ट्याचे छत बांधावे, त्यास वरून पाऊण-एक इंच शेणमातीचा लेप द्यावा व खालून चुना मारावा. हे छत माळवदाच्या मानाने नगण्य वजनाचे असते. मुख्य गोष्ट म्हणजे पत्रा व छत यांमधील पोकळी दोन्ही टोकांना उघडी असली पाहिजे. वळचणीकडून गार हवा आत यावी व आढ्याजवळून तापलेली हवा बाहेर जावी. उंदीर, पाखरे येऊ नयेत म्हणून तोंडाला बारीक जाळी मारावी. पत्र्याला थेंब सुटलेच तर ते छताच्या लेपावर पडतील व सकाळच्या वाऱ्याने वाळून जातील. पोकळी बंद केली तर तेच पाणी तट्ट्यात मुरेल आणि दोन-तीन पावसाळ्यांत छत काळे पडून खाली येईल.

ज्या शेतकऱ्याने कांदाचाळ बांधली आहे, त्याला हे तत्त्व निराळे समजावून सांगावे लागत नाही. चाळीचा तळ जमिनीपासून उंच ठेवावा, बाजूंना फटी ठेवाव्यात, वर उन्हाला व पावसाला पक्के आच्छादन असावे, हे तो कांद्यासाठी करतो. तोच शेतकरी स्वतः राहतो त्या घराला मात्र फट राहू देत नाही, आणि गार वारा येतो म्हणून वळचणीतील जागाही चिंध्या कोंबून बुजवितो. पोटमाळ्याच्या दर दीडशे चौरस फूट जागेमागे निदान एक चौरस फूट मोकळी वाट असावी, असे साधारण माप आहे. पश्चिमेकडील झरोका लहान, वळचणीखाली व उतरत्या पट्ट्यांचा करावा. पूर्वेकडील मोठा व शक्य तितका उंच असावा.

प्लॅस्टिकचा कागद पत्र्याखाली ताणून बांधण्याची पद्धत अलीकडे बरीच दिसते. थेंब पोत्यांवर पडत नाहीत एवढे खरे, पण वाफ त्याखाली कोंडते व पाणी कडेने भिंतीत उतरते. थर्मोकोलचे तावही लोक लावतात. उष्णता ते चांगली अडवितात. पण आग लागल्यास वितळून पेटते थेंब खाली पडतात व विषारी धूर होतो. स्वयंपाकघरावर ते लावू नयेत.

पत्र्याला वरून पांढरा रंग देणे हा स्वस्तात स्वस्त उपाय. पांढरा पृष्ठभाग उन्हाचा बराच भाग परत फेकतो. अहमदाबाद शहरात २०१७ पासून गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचा कार्यक्रम हाती घेण्यात आला, तो याच कारणाने. स्लॅबच्या घराला चुना चालतो. जस्ती पत्र्यावर मात्र ओला चुना जस्ताला थोडेफार खातो, म्हणून त्यासाठी छपराचा पांढरा रंगच वापरावा. चैत्र लागण्यापूर्वी हे काम उरकावे. पांढऱ्या रंगाने दिवसाची उष्णता कमी होते, रात्रीचे थेंब कमी होत नाहीत. तेव्हा वाऱ्याची वाट ठेवण्याच्या कामातून त्यामुळे सुटका नाही.

जमिनीतून चढणारी ओल हा निराळा विषय असला तरी थोडक्यात सांगणे अवश्य आहे. जोते जमिनीपासून दीड-दोन फूट उंच असावे, मोरीचे व वळचणीचे पाणी भिंतीपासून दूर काढावे आणि नव्या घरात जोत्याच्या माथ्यावर भिंत सुरू होण्यापूर्वी डांबराचा किंवा शहाबादी फरशीचा अखंड थर द्यावा. भिंतीच्या तळाशी पांढरा लोणा फुलला म्हणजे ओल खालून येत आहे असे समजावे.

ओल ओळखण्याच्या रीती

घरातील ओल कोठून येते हे ओळखल्याशिवाय खर्च करू नये. त्यासाठी महाग उपकरणाची गरज नाही. प्लॅस्टिकच्या कागदाचा एक फूट लांब-रुंद तुकडा संशयित भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवावा. कागदाच्या खोलीकडील बाजूस थेंब आले तर ओल घरातील हवेची आहे, झरोका वाढवावा. भिंतीकडील बाजूस आले तर पाणी भिंतीतून येत आहे. गिलावा, वळचण किंवा जोते पाहावे. दोन्ही बाजूंस आल्यास दोन्ही कामे करावी लागतील.

धान्याची परीक्षा मिठाने करता येते. कोरड्या काचेच्या बाटलीत एकतृतीयांश धान्य घ्यावे, तव्यावर गरम करून निववलेले कोरडे मीठ दोन-तीन चमचे घालावे, बूच लावून मिनिटभर हलवावे व पाव तास स्थिर ठेवावे. मीठ बाटलीच्या काचेला चिकटले तर धान्यात शेकडा पंधराहून अधिक ओलावा आहे, ते साठवू नये. मीठ सुटे राहिले म्हणून लगेच कोठी भरू नये. या परीक्षेत उतरलेले धान्यही बारा टक्क्यांच्या वर असू शकते. दाणा दाताखाली धरल्यावर कट् असा स्वच्छ आवाज होऊन फुटेपर्यंत आणखी ऊन द्यावे. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांची ही परीक्षा सहसा चुकत नाही. त्यांचे मत घेतल्याशिवाय कोठी भरली जाऊ नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांना या कामी सर्वांत अधिक संधी मिळते ती घरकुलाच्या आखणीच्या वेळी. प्रधानमंत्री आवास योजनेतील घर पंचवीस चौरस मीटरचे असते. एवढ्याशा जागेत पोटमाळा हवाच, असा कुटुंबाचा आग्रह असणार, आणि तो रास्तही आहे. आखणीच्याच दिवशी गवंड्याला त्रिकोणी भिंतीतील झरोक्यांची जागा खडूने दाखवून द्यावी, पत्रा दोन फूट बाहेर काढण्यास सांगावे आणि बियाण्याच्या कोठीसाठी उत्तरेकडील कोपरा राखून ठेवावा. मागाहून भिंत फोडण्यास कोणीही घरमालक राजी होत नाही.

केलेल्या कामाची परीक्षा पौषात घ्यावी. सूर्योदयापूर्वी, घरातील माणसे उठण्याच्या सुमारास, पोटमाळ्यावर चढून छताच्या लेपावर व पश्चिमेच्या त्रिकोणी भिंतीवर तळहात टेकवावा. हात कोरडा राहिला तर झरोके पुरेसे आहेत. दमट लागला तर पूर्वेकडील झरोका आणखी मोठा करावा आणि आठ दिवसांनी पुन्हा त्याच वेळी पाहावे.